तेरावा अध्याय



दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असं आपले संपादक गेली तीन वर्षं म्हणत आहेत. मी दर वेळी टाळलं. मी पडलो बँकेतला कारकून. आयुष्यभर लिहिली ती व्हाउचरं आणि लेजरं. अध्यात्मावर लिहायला अधिकार लागतो, तो माझ्याकडे नाही. पण टाळण्याचं खरं कारण वेगळंच होतं. लिहायला बसलं की एकच गोष्ट डोळ्यांपुढे येते, आणि ती माझ्या चुकीची आहे. या वर्षी ठरवलं, की आता लिहूनच टाकावी. ज्यांच्या बाबतीत ती चूक झाली, त्या गृहस्थांना आधी विचारलं. ते म्हणाले, "नाव सोडून सगळं लिहा."

आपल्या बहुतेकांच्या घरी गुरुचरित्राची पोथी आहे. रोज सगळी वाचणं होत नाही, म्हणून चौदावा अध्याय वेगळा वाचायची पद्धत पडली आहे. त्याची छोटी पुस्तिका देवळाबाहेरच्या प्रत्येक दुकानात मिळते. संकट आलं, कोर्टाची तारीख आली, मुलाची मुलाखत आली, की चौदावा. दारिद्र्य निवारायचं असेल तर अठरावा. हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर ठाऊक असतं. पण चौदाव्याच्या अलीकडे जो तेरावा आहे, त्याची पुस्तिका मी तरी कुठं विकताना पाहिलेली नाही. सप्ताहात तो ओघात वाचून होतो आणि आपण पुढे जातो. मी चाळीस वर्षं असाच पुढे जात होतो.

आता माझ्या मित्राची गोष्ट. ते आमच्या शाखेत कॅशियर होते. माझ्याहून चार वर्षांनी लहान. अत्यंत नीटस माणूस. नोटांची गड्डी त्यांनी मोजली की दुसऱ्यांदा मोजायची गरज नसे. आम्ही दोघंही दर गुरुवारी संध्याकाळी आरतीला एकत्र जायचो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्याचं जाहीर झालं आणि ज्यांनी त्या काळात काउंटरवर काम केलं, त्यांना पुढचे दिवस वेगळे सांगायला नकोत. सकाळी शटर उघडायच्या आधी रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली. म्हातारी माणसं उन्हात उभी. आज एक नियम, उद्या दुसरा. बदलून द्यायची रक्कम आज चार हजार, मग साडेचार, मग एकदम दोन. लोकांचा राग आमच्यावर निघायचा. रात्री नऊ-दहापर्यंत कॅश जुळवायचो. त्यात एके दिवशी ह्यांची कॅश कमी भरली. रक्कम लिहीत नाही, पण कॅशियरला ती स्वतःच्या खिशातून भरावी लागते हे बँकवाल्यांना माहीत आहे. त्यांनी भरली. कुणी काही बोललं नाही. साहेबही म्हणाले, "होतं असं गर्दीत."

पैसे भरून झाले, डिसेंबर संपला, रांगा ओसरल्या. आम्ही बाकीचे पंधरा दिवसांत सावरलो. हे मात्र सावरले नाहीत. एकच गड्डी चार-चार वेळा मोजू लागले. डबा तसाच परत न्यायचे. मग काही दिवसांनी मोजण्याचीही भीती गेली आणि त्याच्या जागी काहीच राहिलं नाही. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी आरती झाल्यावर देवळाच्या पायरीवर बसून ते मला म्हणाले, "अहो, मला काहीच वाटेनासं झालंय. नातू मांडीवर येऊन बसतो, तरी काही वाटत नाही."

हे वाक्य मी नीट ऐकलंच नाही. मला त्यात फक्त 'टेन्शन' ऐकू आलं. मी म्हणालो, "मन खंबीर करा. रोज सकाळी स्नान करून चौदावा अध्याय वाचा. एकवीस दिवसांत फरक पडला नाही तर मला विचारा." वर हेही म्हणालो, "श्रद्धेनं वाचा मात्र." हे शेवटचं वाक्य बोलताना मला बरं वाटलं होतं. आपण कुणाला तरी मार्ग दाखवला, असं वाटलं होतं.

त्यांनी एकवीस दिवस वाचला. मग आणखी एकवीस. फरक पडला नाही, पण मला विचारायला ते आले नाहीत. ते गुरुवारी देवळातही येईनासे झाले. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. आणि इथं आम्ही सगळ्यांनी मिळून दुसरी चूक केली. आम्ही म्हणू लागलो, की त्यांना विरक्ती आली. "आता त्यांचं कशातच मन नाही हो, संसारातून बाहेर पडले," असं कौतुकानं बोलायचो. खाण्याची वासना नाही, कपड्याची नाही, पैशाची नाही, कुणाशी बोलणं नाही. पोथीत साधूची लक्षणं सांगितली आहेत ती जवळपास हीच. भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंताला आवडणारा भक्त कसा, ते सांगताना 'उदासीन' हा शब्द आलेला आहे. आमच्या मित्राची उदासी पाहून आम्हाला तो शब्द आठवला.

जूनमध्ये एका पहाटे ते घरात कुणाला न सांगता निघून गेले. वहिनींचा मला फोन आला. आम्ही चौघं-पाच जण शोधत फिरलो. दुपारी ते कृष्णेच्या घाटावर सापडले. सकाळपासून तिथंच बसून होते. ते तिथं कशासाठी गेले होते ते नंतर त्यांनी मला सांगितलं. वाचकांनी ते समजून घ्यावं. एका नावाड्यानं त्यांना हटकलं होतं, "काका, सकाळपासून बसलायसा, च्या घेतला का?" आणि आपल्या किटलीतला चहा दिला होता. एवढंच. त्या चहानं ते उठायचे राहिले.

त्यांच्यावर मिरजेत उपचार सुरू झाले. साताठ महिन्यांनी, बरं वाटू लागल्यावर, ते एकदा मला म्हणाले, "तुम्ही अध्याय वाचायला सांगितला तो मी वाचत होतो. पण वाचताना आत काही हलायचं नाही. मग वाटायचं, आपली श्रद्धाच खोटी. बँकेत कॅश कमी भरली, इथं भक्ती कमी भरली. माणसांना आपण नकोच होतो, आता महाराजांनाही नको झालो." ते रागानं बोलत नव्हते. रागानं बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्या रात्री मी पोथी काढून तेरावा अध्याय पहिल्यांदा सावकाश वाचला. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. श्री नृसिंहसरस्वती स्वामीमहाराज गोदावरीच्या काठी वासर-ब्रह्मेश्वराला आलेले आहेत. तिथं पोटशूळानं गांजलेला एक ब्राह्मण आहे. अन्न पोटात गेलं की जीवघेणी कळ उठते, म्हणून तो दिवसेंदिवस जेवतच नाही. शेवटी कंटाळून तो नदीत जीव द्यायला निघतो. महाराज त्याला पाहतात, शिष्यांना पाठवून त्याला बोलावून आणतात.

आणि मग महाराज काय करतात? मी इतकी वर्षं हे वाचत होतो आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. महाराज त्याला विचारतात, की तू हे का करतोस, तुला दुःख काय आहे. सर्वज्ञ गुरु, ज्यांना न सांगता सगळं कळतं, ते विचारतात. तो ब्राह्मण मग आपलं सगळं सांगतो. आत्महत्या महापाप आहे हे महाराज त्याला सांगतात, पण तिथं थांबत नाहीत. भिऊ नकोस, तुझ्या व्याधीवर आपल्याकडे औषध आहे, असं म्हणतात. 'औषध' हा शब्द तिथं आहे. त्याला पारायण सांगितलेलं नाही, अनुष्ठान सांगितलेलं नाही, 'श्रद्धेनं कर' असंही सांगितलेलं नाही. तेवढ्यात सायंदेव नावाचे गृहस्थ दर्शनाला येतात, महाराजांना भिक्षेला बोलावतात. महाराज म्हणतात, ह्या ब्राह्मणालाही घेऊन जा आणि पोटभर पक्वान्न जेवू घाल.

इथं सायंदेवांची अवस्था पाहण्यासारखी आहे. ते घाबरतात. अन्न खाल्लं की ज्याचा जीव जातो त्याला मी जेवू घालू, आणि माझ्या घरी काही बरंवाईट झालं तर ब्रह्महत्या माझ्या माथी! हा सायंदेव म्हणजे तुम्ही-आम्ही गृहस्थ. दुसऱ्याच्या दुःखात हात घालायची आपल्याला भीती असते. काही झालं तर आपल्यावर येईल. त्यापेक्षा एक उपाय सांगावा आणि मोकळं व्हावं. मी त्या पायरीवर नेमकं हेच केलं होतं. चौदावा अध्याय सांगितला म्हणजे माझी जबाबदारी संपली. उपाय लागू पडला तर श्रेय उपायाचं, नाही पडला तर दोष त्याच्या श्रद्धेचा. माझ्या खात्यावर काहीच नाही. बँकेत असा व्यवहार कुणी केला असता तर मी पहिल्यांदा पकडला असता.

सायंदेव मात्र भीत भीत का होईना, त्या माणसाला घरी नेतात, पानावर बसवतात. बाकीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे.

आता चौदाव्याचं पाहा. त्यात हेच सायंदेव पुन्हा येतात. ह्या वेळी भीती त्यांची स्वतःची आहे. ज्या यवन अधिकाऱ्याच्या चाकरीत ते आहेत तो त्यांचा जीव घेणार आहे, आणि आजच जायचं आहे. त्यांचं भय खरं आहे, त्याला कारण आहे, तारीख आहे. महाराज त्यांना अभय देऊन पाठवतात, ते जातात आणि सुखरूप परत येतात. म्हणजे लागोपाठ दोन अध्यायांत दोन वेगळ्या माणसांची दोन वेगळी दुःखं आहेत. एकाला पुढचं भय आहे. दुसऱ्याला पुढचं काही नकोच आहे. ज्याला तेराव्याची गरज होती त्याला मी चौदावा दिला. पोथीत दोन्ही होते. मी फक्त एकच पाठ केला होता.

आपण बोलताना 'टेन्शन' ह्या एका शब्दात सगळं कोंबतो. डॉक्टरमंडळी तीन गोष्टी वेगळ्या करतात, आणि बँकेतल्या माणसाला त्या लवकर समजतात. ताण म्हणजे ३१ मार्च. काम डोक्यावर, वेळ कमी, डोकं तापलेलं, घरी आल्यावर बायकोवर वसवस. पण तेरीज जुळली की माणूस गाढ झोपतो. चिंता म्हणजे ऑडिट यायचं आहे हे कळल्यानंतरचे दिवस. अजून काही घडलेलं नाही, कदाचित घडणारही नाही, पण पोटात गोळा. तो वाढत गेला तर छातीत धडधड, हाताला कंप. तिसरं नैराश्य. त्याला मला बँकेतली उपमा सापडत नाही, कारण बँकेत काहीतरी देणं-घेणं असतं. इथं खातंच गोठलेलं असतं. आनंद जमा होत नाही आणि रडूही खर्ची पडत नाही. ही तिन्ही एकमेकांना धरून येतात, एकातून दुसऱ्यात माणूस उतरत जातो. माझे मित्र असेच तीन पायऱ्या उतरले, आणि मी शेजारी उभा होतो.

हे सगळं आज मी शहाण्यासारखं लिहितो आहे, पण हे वाचून कळलेलं नाही. २०२० साली माझ्यावर पाळी आली. मी २०१८ ला निवृत्त झालो. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला, तळमजल्यावरचं सामान गेलं. त्यातून उठतोय तोवर मार्चमध्ये टाळेबंदी. देवळं बंद. मुलगा पुण्यात, मुलगी त्याहून लांब. रोज पहाटे तीनला जाग यायची आणि छाती धडधडायची. नंतर नंतर धडधडही थांबली आणि दिवसभर नुसता जडपणा. देवघरापुढे बसलो की हात हलायचे, गंध लागायचं, फूल वाहिलं जायचं, आणि आत शुकशुकाट. ज्या नामाची गोडी लहानपणापासून होती ते नाम जिभेवर वाळूसारखं लागायचं. हे मी बायकोलाही सांगितलं नाही. दत्तभक्त म्हणवणाऱ्या माणसानं हे सांगायचं कसं? पण तिला कळलं. तिनं माझ्या त्या मित्रांना फोन केला.

ते आले. तोंडाला मास्क, हातात पिशवी. पायरीवर मी त्यांना जे विचारलं नव्हतं ते त्यांनी मला विचारलं, "झोप कशी लागते? जेवणाला चव लागते का? कधी नकोसं वाटतं का सगळं?" मी तिसऱ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. ते गप्प बसून राहिले, उठून गेले नाहीत. अर्ध्या तासानं मी उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी ते मला मिरजेला घेऊन गेले.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला दिलं. थायरॉईड आणि बी-बारा बिघडलं तरी माणूस असा होऊ शकतो, म्हणाले. मग एक कागद दिला. त्यावर एकवीस वाक्यं होती. गेल्या आठवड्यात हे किती वेळा वाटलं, त्याला शून्य ते तीन आकडा द्यायचा. सात वाक्यं नैराश्याची, सात चिंतेची, सात ताणाची, अशी ती पट्टी जगभर वापरतात. आकडे भरण्यात माझा जन्म गेलेला, म्हणून ते काम मला बरं वाटलं. त्यातलं एक वाक्य तोंडाला कोरड पडण्याबद्दल होतं. एक हात थरथरण्याबद्दल. ते वाचताना मी थबकलो. हे आपण कुठंतरी वाचलं आहे!

घरी येऊन गीता उघडली. पहिला अध्याय. अर्जुनाचा विषाद. गात्रं गळाली, तोंड कोरडं पडलं, अंगाला कंप सुटला, गांडीव हातातून गळू लागलं, त्वचेचा दाह होतो आहे, उभं राहवत नाही, मन भ्रमल्यासारखं झालं आहे. हे भित्र्या माणसाचं वर्णन नाही, त्या काळातल्या सर्वांत शूर माणसाचं आहे. आणि तो भक्त नव्हता असंही कुणी म्हणू शकणार नाही, कारण प्रत्यक्ष भगवंत त्याच्या रथावर लगाम धरून बसलेले आहेत. त्याहून अधिक सान्निध्य ते कुठलं? तरी तोंडाला कोरड पडलीच.

पुढचं तर आपण नेहमी विसरतो. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत त्याला काय म्हणतात? हा दुबळेपणा तुला शोभत नाही, टाक हे आणि ऊठ. म्हणजे मी पायरीवर म्हटलं तेच, 'मन खंबीर करा'. साक्षात भगवंतांनी म्हटलं. आणि ते लागू पडलं नाही! अर्जुन उठला नाही. उलट त्यानं आणखी पाच श्लोक आपलं दुःख सांगितलं, मी लढणार नाही म्हणाला आणि गप्प बसला. त्यानंतर भगवंतांनी 'ऊठ' वर समाधान मानलं नाही. ते त्याच्याशी बोलत बसले. सतरा अध्याय बोलत बसले. त्याच्या शंका ऐकल्या, पुन्हा पुन्हा विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली, आणि शेवटी सगळा विचार करून तुला योग्य वाटेल ते कर, असं त्याच्यावर सोपवलं. दोन सैन्यं समोरासमोर उभी असताना त्यांना घाई नव्हती. आम्हाला आरतीनंतर घरी जायची घाई असते.

आता विरक्तीचा मुद्दा, कारण भाविक मंडळींची फसगत इथंच होते. उदास आणि उदासीन. दिसायला दोन्ही सारखे. दोघांनाही जेवणाची हौस नाही, दोघंही गप्प. मग ओळखायचं कसं? मी ह्यावर पुष्कळ विचार केला आहे. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतात, ज्यांना आपण श्रीदत्तप्रभू मानतो. चोवीस गुरूंची कथा तिथलीच. यदुराजा त्यांना अडवून विचारतो का? त्यांच्याकडे काही नाही म्हणून विचारत नाही. काही नसताना ते इतके आनंदी कसे, म्हणून विचारतो. माझ्या मते कसोटी ही आहे. विरक्ताचं सुटलेलं असतं ते त्यानं सोडलेलं असतं, आणि सोडल्यावर हात मोकळा होतो. त्या हातानं तो दुसऱ्याला काही देऊ शकतो. आजारी माणसाचं सुटत नाही, त्याच्याकडून हिसकावलं जातं. नातवाच्या स्पर्शाचा आनंद माझ्या मित्रांनी सोडला नव्हता. तो त्यांच्याकडून गेला होता आणि गेल्याचं त्यांना अतोनात दुःख होतं. विरक्ताला लहान मूल मांडीवर आलं तर तो हसेल. म्हणून माझी सर्वांना विनंती आहे, घरातलं वडीलधारं माणूस अचानक बोलेनासं झालं, खाईनासं झालं, तर 'वयोमानानं विरक्ती आली' असं म्हणून कृपा करून मोकळे होऊ नका. विरक्ती अशी एका मोसमात येत नाही.

आपल्या भाषेत 'स्वास्थ्य' शब्द आहे. स्व-स्थ, आपल्या जागी असलेला. हा फार नेमका शब्द आहे. स्वस्थ माणसाला दुःख होतच नाही, असं त्यात म्हटलेलं नाही. दुःख आलं, तो हलला, आणि पुन्हा आपल्या जागी आला. नरसोबाच्या वाडीला आपण दर पावसाळ्यात पाहतो. कृष्णामाई चढते, देवळात शिरते, पाणी पादुकांवरून जाऊन दक्षिणद्वारातून बाहेर पडतं आणि लोक त्यात स्नान करायला धावतात. पाणी आणखी चढलं की पुजारी उत्सवमूर्ती उचलून वर नेतात. तिथं कुणी म्हणत नाही, की पाणी आलं म्हणजे सेवेत खोट होती. कुणी असंही म्हणत नाही, की मूर्ती हलवू नका, श्रद्धा असेल तर पाणी थांबेल. पाणी येतं, मूर्ती वर नेतात, पूजा तिथं चालू राहते, पाणी उतरतं, मूर्ती खाली येते. माणसाच्या बाबतीत मात्र आपण पाण्यात उभं राहून श्रद्धेची परीक्षा घेतो.

कुणी म्हणेल, मग पारायणाचा उपयोग नाही का? लोकांना आलेले अनुभव खोटे का? मी असं म्हणत नाही. मी स्वतः आजही वाचतो. ताण आणि रोजची काळजी ह्यांवर नित्यनेमाचा गुण येतो हे मी स्वतःवर पाहिलं आहे. ठरलेल्या वेळी उठणं, स्नान, एका लयीत वाचणं, चार माणसांत आरतीला उभं राहणं, ह्यात मनाला टेकू मिळतो. देऊळ ही अशी जागा आहे, की तुम्ही दोन गुरुवार दिसला नाहीत तर कुणीतरी विचारतं. निदान विचारायला हवं. पण पाय मोडलेल्या माणसाला आपण प्रदक्षिणा घालायला सांगत नाही. आधी प्लास्टर, मग प्रदक्षिणा. नैराश्यात नेमकं ज्या मनानं भक्ती करायची ते मनच मोडलेलं असतं. महाराजांची कृपा होतच असेल तर ती डॉक्टरांच्या हातून होऊ नये, असा नियम आपण कोण करणार? तेराव्यात ती सायंदेवाच्या स्वयंपाकघरातून झाली. घाटावर नावाड्याच्या किटलीतून झाली.

गोळ्यांबद्दल दोन शब्द, कारण आपल्या वयाच्या लोकांना त्याची फार भीती. ह्या गोळ्यांचा गुण डोकेदुखीच्या गोळीसारखा तासाभरात येत नाही. दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. पहिल्या आठ दिवसांत 'काही उपयोग नाही' म्हणून सोडणारे पुष्कळ. आणि बरं वाटलं की आपल्या मनानं एकदम बंद करणारेही पुष्कळ. दोन्ही चूक, डॉक्टरांना विचारूनच कमी करायच्या. नैराश्याच्या नेहमीच्या औषधांचं दारूसारखं व्यसन लागत नाही. सप्ताहात गोळी चालते का, असा प्रश्न मी आमच्या गुरुजींना खरोखर विचारला होता. ते म्हणाले, "रक्तदाबाची घेता ना? मग?" ज्यांना कुणाला सांगायची लाज वाटते त्यांच्यासाठी सरकारचा टेलिमानस नावाचा दूरध्वनी आहे, क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, आपल्या भाषेत बोलता येतं. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा सांगतो, की विमा कंपनीनं मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरलं पाहिजे. पॉलिसी घरात असेल तर काढून वाचा. आणि २०१५-१६ साली बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं देशभर पाहणी केली, त्यात दहा प्रौढांमागे साधारण एकाला मनाचा काही ना काही आजार आढळला, आणि त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. आपल्या आरतीला शंभर माणसं उभी असतात. हिशेब ज्याचा त्यानं करावा.

मला बरं वाटायला सात महिने लागले. कुठल्या दिवशी वाटलं ते सांगता येणार नाही. पाडव्याला, १६ नोव्हेंबरला देवळं उघडली, आम्ही दोघं गेलो. मला रडू आलं. भक्तीनं आलं की आजार उतरल्यानं, ते मला सांगता येत नाही आणि मी ते शोधतही बसलो नाही.

माझ्या चुकीबद्दल मी त्यांची क्षमा कधी मागितली, असं वाचकांना वाटेल. मागितली. डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बाकावर नंबरची वाट पाहत बसलो होतो तेव्हा. ते म्हणाले, "तुम्ही वाईट सांगितलं नाहीत. तुम्ही लवकर सांगितलंत." मी ह्या वाक्यावर अजून विचार करतो आहे. चांगली गोष्ट ऐकून घेण्याच्या आधी सांगितली तर ती वाईट होते का? हेतू शुद्ध असला तरी पाप लागतं का? मी जाणकारांना विचारलं. कुणी म्हणालं हेतू पाहतात, कुणी म्हणालं फळ पाहतात. सायंदेवाला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं.

ह्या वर्षीच्या सप्ताहात वाचायला तेच बसणार आहेत, मी श्रवणाला. प्रसादाची वाटणीही माझ्याकडे आहे. पोथी कुठल्या दिवशी कुठपर्यंत न्यायची ते आम्ही परवा ठरवत होतो. पहिले दिवस थोडे मोठे धरावे असं माझं म्हणणं, म्हणजे शेवटी घाई होत नाही. ते म्हणाले, "तेराव्याला मात्र जरा थांबू. मला तो एका दमात वाचवत नाही." तेव्हा त्या दिवशी आरतीला दहा-पंधरा मिनिटं उशीर होईल, भक्तमंडळींनी कृपया नोंद घ्यावी.